आतल्या फळीचे सत्य

एखाद्या कामासाठी कोणती सामग्री वापरावी, हा प्रश्न कारागिराचा की नीतिशास्त्राचा? वरवर पाहता तो निव्वळ कारागिराचा वाटतो. भिंतीला सिमेंट किती, दाराला सागवान की दुसरे लाकूड, हे ज्याचे त्याने ठरवावे. धर्मगुरूने किंवा तत्त्वज्ञाने त्यात लक्ष घालण्याचे कारण काय, असे कोणीही विचारील. आम्हांला मात्र वाटते की, सामग्रीची निवड हा पुष्कळदा नैतिक निर्णय असतो, आणि तो नैतिक आहे हे ध्यानात न आल्यामुळेच तो चुकतो. आमचे म्हणणे स्पष्ट व्हावे म्हणून आम्ही एक अगदी लहान उदाहरण घेतो. फायबरच्या होडीचा ट्रान्सम कुजला, तर तो कोणत्या रेझीनने आणि कोणत्या काचधाग्याने पुन्हा बांधावा, एवढाच तो प्रश्न आहे.

उत्तन, पाचूबंदर, अर्नाळा येथील आपल्या कोळी बांधवांना ट्रान्सम म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. शेतीवाडीतल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. होडीच्या मागच्या टोकाला जी उभी, सपाट भिंत असते, तिला ट्रान्सम म्हणतात. बाहेरून अडकवायचे इंजिन ह्याच भिंतीला क्लॅम्प आणि बोल्ट लावून जखडलेले असते. आठ-दहा अश्वशक्तीचे इंजिन चाळीस किलोंच्या आसपास भरते. पण त्याचे वजन हा भाराचा लहानसा भाग झाला. पंखा पाणी मागे लोटतो, तो सगळा जोर ह्या भिंतीतूनच होडीला मिळतो. होडी लाटेवरून खाली आदळली की इंजिन हिसका देते, आणि प्रत्येक हिसका ह्या भिंतीला पिळून काढतो. म्हणून ही भिंत बहुधा नुसत्या फायबरची करीत नाहीत. आत दीड-दोन इंच जाडीची प्लायवूडची फळी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना काचधागा व रेझीन ह्यांचे थर चढवून ती बंदिस्त केलेली असते.

ह्या रचनेतच तिचा धोका दडलेला आहे. लाकडी नौकेचे लाकूड डोळ्यांना दिसते. ते कुठे मऊ पडले आहे हे सुताराच्या टोच्याला तत्काळ कळते. फायबरच्या होडीत लाकूड दोन कातड्यांच्या मध्ये झाकलेले असते. बोल्टचे भोक नीट बंद केले नाही की तिथून पाणी झिरपते. एकदा आत गेलेले पाणी बाहेर येत नाही, लाकूड वाळत नाही, आणि महिनोन्महिने ते आतल्या आत कुजत राहते. बाहेरचा जेलकोट मात्र तसाच चकचकीत असतो. हातोडीने हलके ठोकले असता टणक आवाज न येता बद्द आवाज येतो. भोक पाडून पाहिले तर कोरड्या भुश्याऐवजी काळपट, ओलसर चोथा निघतो. पुढे इंजिन किंचित मागे झुकू लागते आणि कोपऱ्यांत केसासारख्या बारीक भेगा दिसू लागतात. ज्याने ह्या खुणा ओळखल्या त्याला वेळीच कळते. ज्याने ओळखल्या नाहीत त्याला कदाचित भर समुद्रातच कळते.

आता दुरुस्तीकडे वळू. ‘रेझीन’ हा शब्द आपल्याकडे नवा असला, तरी वस्तू परकी नाही. आपण ज्याला राळ म्हणतो, तेच हे. लाकडी होड्यांच्या सांध्यांत कापूस ठासून वर राळ आणि तेल भरण्याची रीत आपल्या किनाऱ्यावर जुनी आहे. नोहाच्या तारवाची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे. त्या तारवाला आतून आणि बाहेरून डांबर लावण्याची आज्ञा परमेश्वराने केल्याचे उत्पत्तीच्या पुस्तकात नमूद आहे. बाहेरून लावायचे हे कोणालाही सुचले असते. ‘आतून’ हा शब्द मात्र तिथे मुद्दाम आला आहे, असे आम्हांला नेहमी वाटत आले आहे.

आजची राळ झाडातून येत नाही, रसायनांच्या कारखान्यातून येते, आणि तिचे तीन मुख्य प्रकार बाजारात मिळतात. पहिली पॉलिएस्टर. ती स्वस्त असते, भराभर घट्ट होते आणि बहुतेक फायबरच्या होड्या मुळात तिच्याच बनलेल्या असतात. तीतही साधी ऑर्थो आणि पाण्याला अधिक टिकणारी आयसो असे दोन भेद आहेत. पॉलिएस्टर घट्ट होताना आकसते, आणि जुन्या, वाळलेल्या थरावर किंवा लाकडावर तिची पकड मध्यमच असते. दुसरी व्हिनिल एस्टर. ती गुणाने आणि किमतीने मधली. तिसरी इपॉक्सी. तिची लाकडावरील व जुन्या फायबरवरील पकड सर्वांत चांगली. ती फारशी आकसत नाही आणि पाण्यालाही चांगली टिकते. पण तिची किंमत पॉलिएस्टरच्या कित्येक पट असते आणि तिचा स्वभावही कडक असतो. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर शेकडा एक ते दोन भाग टाकतात आणि हवेच्या मानाने तो थोडा कमीजास्त करता येतो. इपॉक्सीत तशी मुभा नाही. जे प्रमाण ठरले आहे तेच पाळावे लागते. काम लवकर उरकावे म्हणून हार्डनर जास्त टाकला, तर थर लवकर सुकण्याऐवजी कायमचा कच्चा राहतो. दमट हवेत तिच्यावर तेलकट साय धरते. ती पाण्याने धुऊन काढल्याशिवाय पुढचा थर चढवला, तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. शिवाय उघड्या उन्हात ती टिकत नाही, म्हणून वर रंग द्यावाच लागतो.

एवढे ऐकल्यावर सुज्ञ वाचक म्हणतील, मग इपॉक्सी सर्वोत्तम. तीच वापरावी आणि विषय संपवावा. इथेच आमच्या मूळ प्रश्नाला सुरुवात होते. फायबरच्या कामात सर्वत्र वापरली जाणारी जी चॉप्ड स्ट्रँड मॅट असते, तिच्यातले काचधाग्याचे तुकडे एका चिकट द्रव्याने एकत्र धरून ठेवलेले असतात. पॉलिएस्टर रेझीनमध्ये स्टायरीन असते. ते ह्या द्रव्याला विरघळवते, तेव्हा मॅट मऊ पडते आणि कोपऱ्यांतही नीट बसते. इपॉक्सीत स्टायरीन नसते. म्हणून नेहमीची मॅट तिच्यात विरघळत नाही, ती ताठ राहते, वळणावर उचलली जाते, आत हवा कोंडते. म्हणजे असे की, सर्वांत महाग रेझीन आणि दुकानातली उत्तम मॅट ही दोन्ही आणून, मन लावून काम केले, तरी ते निकृष्ट होऊ शकते. इपॉक्सीबरोबर विणलेले किंवा टाचलेले कापड घ्यावे लागते. पॉलिएस्टरबरोबर मॅट आणि रोव्हिंग आळीपाळीने घालणे योग्य ठरते. रेझीन भरपूर ओतले म्हणजे काम मजबूत झाले, हाही असाच एक गैरसमज आहे. भार पेलतो तो धागा. रेझीन धाग्याला त्याच्या जागी धरून ठेवते, एवढेच. धाग्याशिवायचे जादा रेझीन वजन वाढवते आणि तडकते.

‘चांगले’ ह्या शब्दाविषयी ही गोष्ट आपल्याला काही महत्त्वाचे शिकवते. चांगुलपणा हा वस्तूच्या किमतीत नसतो आणि एकट्या वस्तूतही नसतो; तो वस्तूंच्या परस्परांशी आणि हेतूशी असलेल्या मेळात असतो. ॲरिस्टॉटलने कौशल्य आणि विवेक ह्यांत भेद केला होता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तो भेद अधिक रेखीव केला. त्यांच्या मते जे घडवायचे त्याविषयीची योग्य बुद्धी म्हणजे कला, आणि जे आचरायचे त्याविषयीची योग्य बुद्धी म्हणजे विवेक. कला विचारते, हा जोड टिकेल काय? विवेक विचारतो, हा जोड कोणासाठी, कोणाच्या पैशाने, कोणाच्या जिवावर, आणि त्याविषयी कोणाला काय सांगून केला? उत्तम कारागीर कलेत निष्णात असूनही विवेकात उणा असू शकतो. उलट, सज्जन पण अडाणी माणूस मनापासून चांगले करू पाहतो आणि कुजका ट्रान्सम बांधतो. दोहोंपैकी एक असून भागत नाही. सद्हेतूला ज्ञानाची जोड देणे हेही कर्तव्यच आहे.

आता पैशाचा प्रश्न. होडीचा मालक पुष्कळदा गरीब असतो. होडी दुरुस्तीला येते ती बहुधा पावसाळ्यात, समुद्र बंद असताना, जेव्हा घरात मिळकत नसते आणि हवा सर्वांत दमट असते. नारळी पौर्णिमा जवळ येते तशी घाई वाढते. अशा वेळी दोन अन्याय संभवतात. पहिला सर्वांना परिचित आहे. दुरुस्ती करणारा कुजलेली फळी तशीच ठेवतो, बाहेरून पुट्टी आणि दोन थर मॅट चढवतो, रंग देतो आणि पूर्ण कामाचे पैसे घेतो. दुसरा अन्याय प्रतिष्ठित आहे, म्हणून तो लवकर ओळखू येत नाही. पाच-सात वर्षे वापरायच्या जुन्या होडीवर, केवळ सर्वोत्तम म्हणून, मालकाला कर्जात लोटणारी सामग्री लादणे हाही अन्यायच होय. पहिला माणूस लोभाने चुकतो, दुसरा अभिमानाने. दोघांनाही समोरचा माणूस दिसत नाही.

ह्या दोहोंमधून वाट कशी काढावी? अक्वायनस ह्यांनी आपल्या ‘सुम्मा’ ग्रंथात विक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला आहे. त्यांनी केलेला एक भेद इथे फार उपयोगी पडतो. दोष उघड असेल, जसा एका डोळ्याचा घोडा, आणि विकणारा त्या मानाने किंमत कमी घेत असेल, तर तो दोष तोंडाने सांगण्याचे बंधन त्याच्यावर नाही. घेणाऱ्याला तो दिसतोच आहे. परंतु दोष लपलेला असेल आणि त्यापासून नुकसान किंवा धोका संभवत असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. पडके घर मजबूत म्हणून विकणारा दोषी ठरतो, तो ह्याच न्यायाने. ट्रान्समच्या आतली फळी ही लपलेल्या गोष्टींचा आदर्श नमुना आहे. काम पूर्ण झाल्यावर मालकाला ती पुन्हा कधीही दिसणार नाही. म्हणून जिथे डोळा पोहोचत नाही, तिथे शब्दाने पोहोचले पाहिजे.

ह्यातून आम्ही एक साधा नियम मांडू इच्छितो. टिकाऊपणात काटकसर करता येते. सुरक्षिततेत आणि सत्यात करता येत नाही. आयसो पॉलिएस्टर वापरून, सगळी कुजकी फळी काढून, लाकूड कोरडे करून प्रामाणिकपणे केलेले काम इपॉक्सीइतकी वर्षे टिकणार नाही कदाचित. पण ते खोटे काम नव्हे. “एवढ्या पैशात एवढे होईल, दरवर्षी ठोकून पाहा,” असे सांगून ते केले, तर त्यात कोणतेही वैगुण्य नाही. मात्र जुन्या थराची कड चांगली दूरवर तासून उतरती करणे, म्हणजे थर चार मिलिमीटरचा असेल तर जवळजवळ पन्नास मिलिमीटरपर्यंत, बोल्टची भोके मोठी पाडून ती रेझीनने भरणे आणि मग त्यातच नवे भोक पाडणे, फळीच्या कडा पूर्ण बंद करणे, ह्या गोष्टी गाळता येत नाहीत. त्यांना सामग्रीचा खर्च फारसा लागत नाही; लागतात ते कष्ट. काटकसरीच्या नावाखाली वास्तविक कष्टच वाचवले जातात, ही आम्हांला विचार करण्यासारखी बाब वाटते. प्लायवूडवरील आयएस ७१० हा शिक्का पाहून निर्धास्त होणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे की, त्या फळीचा गोंद पाण्याला दाद देत नाही हे खरे. पण लाकूड ते लाकूडच. पाणी शिरू दिले तर गोंद शाबूत राहून लाकूड कुजू शकते. बाहेरचा शिक्का आतली काळजी घेत नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. मालक स्वतःच म्हणाला, “मला सगळे ठाऊक आहे; तरीही फळी तशीच राहू द्या, यंदाचा हंगाम निघाला की पुरे,” तर? त्याची संमती आहे, फसवणूक नाही. मग दोष कुठे? आमचे उत्तर असे की, होडीत मालक एकटा जात नाही. तांडेल असतो, खलाशी असतात. पुष्कळदा ते दूरच्या गावाहून पोटासाठी आलेले असतात. धोका त्यांच्याही वाट्याला येतो, आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. शलमोनाच्या ज्ञानग्रंथात, माणसे लाकडाच्या लहानशा तुकड्यावर आपला जीव सोपवून लाटा पार करतात, असा उल्लेख आहे. ज्याने जीव सोपवला त्याला ते लाकूड कसे आहे हे कळण्याचा अधिकार आहे. स्वतःच्या वस्तूवर माणसाचा हक्क असतो. दुसऱ्याच्या विश्वासावर नसतो. म्हणून एका मर्यादेच्या खाली, मालकाने हात जोडून विनवले तरी, कारागिराने नकार दिला पाहिजे. तो नकार हेही त्याच्या कौशल्याचे अंग समजावे.

आणखी एक माणूस ह्या हिशोबात राहून जातो. तो म्हणजे ते काम प्रत्यक्ष करणारा मजूर. पॉलिएस्टरमधील स्टायरीनची वाफ डोके आणि श्वास दोन्ही जड करते. तासताना उडणारी काचेची धूळ कातडीत आणि छातीत जाते. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला, तर दृष्टी गमावण्याची वेळ येऊ शकते. आणि तोच हार्डनर कोबाल्टमध्ये सरळ मिसळला, तर स्फोट होऊ शकतो. इपॉक्सी वारंवार उघड्या हाताला लागल्यास काहींना तिचे कायमचे वावडे जडते. तरीही बनियन घालून, तोंडाला रुमाल बांधून हे काम करणारी मुले आपण पाहतो. हातमोजे, चष्मा आणि योग्य मुखपट्टी ह्यांचा खर्च दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात का नसावा? संत पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्सेर्चेन्स’ ह्या परिपत्रकात सांगितले की, कामाचे मोल सर्वप्रथम ते काम कोणत्या प्रकारचे आहे ह्यावरून ठरत नाही. ते करणारा मनुष्य आहे, ह्यावरून ठरते. ह्या दृष्टीने, होडी भक्कम झाली आणि मुलाची छाती पोकळ झाली, तर दुरुस्ती अपुरी राहिली असेच म्हणावे लागेल.

दानधर्मही ह्या कसोटीतून सुटत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर उद्ध्वस्त मच्छीमारांना फायबरच्या होड्या मोठ्या प्रमाणावर वाटण्यात आल्या. देणाऱ्यांचा हेतू थोर होता. परंतु मागणी अचानक वाढली, होड्या बांधणारे नवे कारखाने घाईने उभे राहिले, आणि त्यांतून निघालेल्या काही होड्यांच्या दर्जाविषयी आणि सुरक्षिततेविषयी चिंता व्यक्त झाली. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने लहान होड्यांच्या बांधणीविषयी आणि सुरक्षिततेविषयी मार्गदर्शन केले. किती होड्या दिल्या हे मोजणे सोपे असते; प्रत्येक होडीच्या आत कोणते थर आहेत हे पाहणे कठीण. दान हेही विवेकाने करावयाचे काम आहे. गरजूला दिलेली वस्तू त्याला तपासून घेण्याची सोय नसते, म्हणून देणाऱ्याची जबाबदारी विकणाऱ्यापेक्षा कमी नसून अधिकच असते.

आम्ही धर्मगुरू नव्या हंगामापूर्वी होड्यांना आशीर्वाद देतो. पवित्र पाणी नाळेवर पडते, रंगावर पडते, फुलांच्या माळांवर पडते. आतल्या फळीपर्यंत ते पोहोचत नाही. तिथपर्यंत पोहोचण्याचे काम कारागिराच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोपवलेले आहे, आणि आशीर्वादाने त्या कामाची उणीव भरून निघावी, अशी अपेक्षा करणे ही श्रद्धा नव्हे.

अखेरीस एक व्यावहारिक सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो. एकदा इपॉक्सीने केलेल्या कामावर पुढे कोणी पॉलिएस्टरचा थर चढवला, तर तो नीट धरत नाही. पॉलिएस्टरवर इपॉक्सी मात्र चांगली बसते. अर्थात, आज आपण जे निवडतो, ते उद्याच्या कारागिराचेही हात बांधते. तो कारागीर कोण असेल हे आपल्याला ठाऊक नाही. कदाचित त्याचा जन्मही झाला नसेल. तो ठोकून पाहील, तासून पाहील, पण आत कोणते रेझीन आहे हे नुसत्या डोळ्यांनी त्याला सांगता येणार नाही. म्हणून ट्रान्सम बांधून पुरा झाला की, आतल्या अंगाला, रंगाच्या एका कोपऱ्यात, तीन गोष्टी लिहाव्यात: तारीख, रेझीनचे नाव आणि फळीची जात. मालकाच्या वहीतही त्याच तीन ओळी असाव्यात. कोऱ्या रंगाला ह्या अक्षरांनी थोडी कुरूपता येईल खरी. परंतु जो कारागीर आपल्या कामात काय भरले आहे हे तिथेच लिहून ठेवायला तयार असतो, त्याने आत काय भरले आहे ह्याची चिंता मालकाला सहसा करावी लागत नाही.